पाय पाण्यात असू द्यावेत

“हात लावू नका त्यांना!”

कोण ओरडलं म्हणून फिनोला कॉन्सिडाईनने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. बसच्या थांब्यावरची माणसं तिच्याचकडे बघत होती, आणि मग तिच्या ध्यानात आलं की ओरडलो ते आपणच. पुलाच्या तोंडाशी एक म्हातारे गृहस्थ ओल्या फरशीवर घसरून आडवे झाले होते, एवढंच घडलं होतं. लिमरिकमध्ये फरशी ओली असतेच आणि म्हातारे घसरतातच, त्यात नवल काही नाही. सायकलवरून लोकांचं जेवण पोचवणारा एक ब्राझीलचा माणूस सायकल तशीच रस्त्यात टाकून त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता आणि त्यांचं डोकं त्याने सरळ आपल्या मांडीवर घेतलं होतं. फिनोलाच्या ओरडण्याने त्याने मान वर केली. “का?” त्याने विचारलं. उद्धटपणे नव्हे. या देशात तसं काही असेल, आपल्याला ठाऊक नसेल, तर समजून घ्यावं, अशा सुरात. “पोलीस... पोलीस येऊ देत की आधी,” ती म्हणाली. त्यावर मांडीवरचे गृहस्थच बोलले, “पोलीस कशाला हो बाई? पडलोय मी, बँक लुटलेली नाही.” लोक हसले. गृहस्थ उठून बसले, मग उभे राहिले, त्या माणसाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, “जा बाबा, कुणाचा तरी नाश्ता गार होतोय,” आणि पँटचा गुडघा झाडत पुलावरून चालायला लागले. बस आली. सगळे चढले. फिनोला चढली नाही. तिला काही फार लांब जायचं नव्हतं, आणि चारचौघांसमोर हसं झाल्यावर त्याच चारचौघांबरोबर बसमध्ये बसायची तिची तयारी नव्हती.

नदीच्या कडेकडेने ती चालत राहिली. हसं झालं त्याचं तिला खरं म्हणजे फारसं वाटत नव्हतं. अठ्ठावन्न वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, जुन्या कागदांत काम करणाऱ्या बाईला लोक थोडं हसतातच, तेवढं सवयीचं असतं. पण तो आवाज तिचा नव्हता. तो डॅडींचा होता. शब्द डॅडींचे, वरची पट्टी डॅडींची, शेवटचा शब्द किंचित खाली आणणंसुद्धा त्यांचंच, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवर चाळीस वर्षं मुकादमी केलेल्या माणसाचं. इतकी वर्षं तो आवाज आपल्या पोटात गुपचूप बसून होता, आणि आज एक म्हातारा घसरल्याचं निमित्त मिळताच बाहेर पडला, याची तिला भीती वाटली. आणि त्या परक्या माणसाने विचारलं, का? इतकं साधं. तिच्या गावात हे कुणीच कधी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं. पाण्यात बुडालेलं माणूस सापडलं, तर त्याला काठावर ओढायचं, पण पूर्ण बाहेर काढायचं नाही. पोलीस येऊन बघेपर्यंत पाय पाण्यात असू द्यायचे. पूर्ण बाहेर काढलं की काढणाराच अडकतो. हा कायदा. कुठला, कधीचा, कुणी केलेला, असले प्रश्न कायद्याला कुणी विचारत नाही. आईने सांगितलेला असतो, आईला तिच्या आईने. फिनोला नऊ वर्षांची असतानाच तिला तो ठाऊक होता, पाढे पुरते पाठ व्हायच्या आधी.

असा कायदा कधीच नव्हता. दप्तरखान्यात नोकरीला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच तिला हे कळलं. काउंटीचा सगळा जुना पसारा तिथे येऊन पडलेला होता: गरीबखान्यांची बाडं, रस्त्यांचे हिशेब, कुत्र्यांचे परवाने, आणि तळघरात एका बाजूला कॉरोनरच्या चौकश्यांचे कागद. कुणी बुडालं, जळालं, घोड्यावरून पडलं, की कॉरोनर यायचा, शेजारपाजारचे बारा-पंधरा जण पंच म्हणून बसायचे, प्रेत डोळ्यांनी बघायचे आणि निर्णय द्यायचे. बुडालेल्यांच्या बाबतीत हे पंच फार शहाणे असत. ‘बुडालेला आढळला.’ बास. पडला की उडी घेतली, कुणी ढकललं की पाय घसरला, त्यात शिरायचं नाही, कारण मागे राहिलेल्यांना त्याच गावात राहायचं असतं आणि आत्महत्या ठरली तर धर्मगुरूला गावच्या दफनभूमीत पुरता येत नाही. फिनोलाला या पंचांबद्दल माया वाटे. अंगठा उठवणारी माणसं, पण कुठे थांबावं ते त्यांना कळत होतं. मात्र त्याच कागदांत, दर चार-दोन चौकश्यांआड, ते दुसरं वाक्यही यायचं: शिपाई येईतो पाय पाण्यात ठेवले होते. आणि एका कॉरोनरचा तर पार संताप झालेला होता. दरवर्षी तो काउंटीला लिहायचा की असा कायदा नाही, नव्हता, लोकांना कृपा करून चर्चमधून सांगा. काठावर ओढलेल्यांपैकी एखादा वाचला असता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याचं अक्षर वर्षागणिक मोठं होत गेलेलं होतं, शेवटी शेवटी एका ओळीत चारच शब्द मावत. लोकांनी ऐकलं नाही. गंमत अशी की प्रेत जवळच्या दारूच्या गुत्त्यात नेऊन ठेवावं, तिथलं तळघर थंड असतं, हा मात्र खरोखरीचा कायदा होता, अठराशे शेहेचाळीस सालचा, आणि तो ऐकला की कुणाचाही विश्वास बसत नसे. खोटा कायदा सगळ्यांना खरा वाटत होता आणि खरा ऐकून लोक हसत होते. गुत्त्याचा किस्सा तिने एका नाताळात डॅडींना सांगितलाही होता, आणि ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. दुसरी गोष्ट तिने कधी सांगितली नाही.

सांगणार कशी? तीस वर्षं ती ते एकटीने बाळगून होती. दर रविवारी जेवायला जायची, बटाटे सोलायची, हवेबद्दल बोलायची, आणि टेबलापलीकडे तो माणूस बसलेला असायचा ज्याने कायदा म्हणून आपल्या बायकोला पाण्यात ठेवलं होतं. त्याला हे कळलं तर तो उन्मळून पडेल असं तिला वाटायचं. मग ती आणखी एक बटाटा वाढायची. आता डॅडी नव्वदीला आले होते, शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात होते, आणि गेल्या रविवारी त्यांनी स्वतःहूनच विषय काढला होता. खिडकीकडे बघत म्हणाले, “शुक्रवारी फादर क्विलिगन यायचेत. कबुली ऐकून तेल लावायला.”

“अहो डॅडी, ते आजारपणाचं तेल. मरणाआधीचंच असतं असं नाही.”

“मला शिकवू नकोस. तेल कसलं ते मला कळतं.” त्यांनी गुडघ्यांवरचं पांघरूण सरळ केलं. “त्याआधी एक गोष्ट ठरवायचीय मला. नोनीचं. तुझ्या मॅमीचं. पाय पाण्यात ठेवले ते. कायदा असेल तर ते पाप नव्हे. कायदा पाळल्याचं पाप लागत नाही, हे कुठलाही फादर सांगेल. पण नसेल, तर मला ते सांगावं लागेल त्यांच्यापुढे. तुझ्याकडे सगळे कागद आहेत. बघ आणि मला सांग.”

“बघते,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

“गुरुवारी ये. म्हणजे मला एक रात्र मिळेल,” ते म्हणाले, आणि त्यांनी कस्टर्ड मागितलं.

तो गुरुवार आजचा. दप्तरखान्यात पोचल्यावर तिने कोट टांगला, तळघरात गेली, आणि काल अर्धवट राहिलेली चळत पुढ्यात घेतली. घडी उलगडायची, गंजलेली टाचणी काढायची, हाडाच्या पट्टीने कागद सपाट करायचा, नाव-गाव-तारीख लिहून घ्यायची. हातांना हे काम येत होतं, डोक्याची गरज नव्हती, आणि आज डोकं रिकामं राहणं बरं नव्हतं. ती नको म्हणाली तरी तिच्या नवव्या वर्षीचा तो जून महिना तिच्यापुढे येऊन बसला. डॅडी आणि त्यांची तीन माणसं पुलाच्या कठड्याचं काम करत होती. मॅमी रोजच्यासारखी त्यांचा चहा घेऊन निघाली, बाटलीत, बाटलीवर डॅडींचाच एक जुना लोकरी मोजा चढवलेला, गरम राहावा म्हणून. तिने बांधावरची जवळची वाट धरली. बाकीचं कुणी पाहिलं नाही. बाटली मोज्यासकट पुलाखालून तरंगत आली तेव्हा त्या तिघांतला बॅटी हसला होता, “मॉस, बायको रागावलीय वाटतं, चहा नदीनेच पाठवला.” हे वाक्य बॅटी पुढे जन्मभर विसरू शकला नाही. दारू चढली की रडत रडत तेच सांगायचा, मी हसलो रे, मी हसलो.

डॅडींनी तिला बांधाखालच्या डोहातून ओढली. खांद्यांना धरून, काठावरच्या गोट्यांपर्यंत. तोंडाला कान लावला. बॅटी म्हणाला, “कुशीवर घेऊ या का रे?” तेव्हा डॅडी ओरडले, हात लावू नका तिला. पाय पाण्यात असू द्या. मग सायकल घेतली आणि ठाण्याकडे गेले. ठाणं लांब होतं, वाटेत चढ होता. फिनोला शाळेतून येत होती. पुलावर माणसं उभी, हातात टोप्या, पाठी नदीकडे केलेल्या. बाईमाणसाच्या अंगाला ओले कपडे चिकटलेले असताना बघू नये म्हणून पाठ केलेली, पण सोडूनही जायचं नाही म्हणून तिथेच उभी. त्या तीन पाठी तिला आजही कपड्यांच्या रंगांसकट दिसत. त्यांनी तिला अडवलं, मग बॅटीने सोडलं. ती खाली जाऊन गोट्यांवर बसली. मॅमीच्या चेहऱ्यावर कुणीतरी जाकीट टाकलं होतं. एक बूट नव्हता. पाण्यात पाय हलत होते, प्रवाहाने, किंचित, झोपेत हलतात तसे. फिनोलाला वाटलं, गार लागत असेल. तिने ते ओढून बाहेर घेतले, एक, मग दुसरा, उरलेला बूट काढला, स्वेटरने पुसले. बॅटीने वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं पोरी, परत ठेव गं ते. नाहीतर तुझ्या बाबाला धरून नेतील.” एवढं बोलून त्याने पुन्हा पाठ फिरवली. आणि तिने, आणि तिने — इथे आलं की फिनोला नेहमी उठायची. घरी असली तर किटली चढवायची, बसमध्ये असली तर पिशवीत काहीतरी शोधायची. पुढचं तिला आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण पन्नास वर्षांत तिने ते स्वतःला एकदाही सलग आठवू दिलं नव्हतं. सार्जंट आला तेव्हा पाय पाण्यात होते, एवढं पुरे होतं. तिने ठेवले होते. डॅडींनी कायदा समजून एकदा ठेवले, आणि तिने दुसऱ्यांदा.

आत्ताही ती उठली आणि वर चहाच्या खोलीत गेली. तिथे पॉलीन होती. वाचनालयाचं टेबल पॉलीन सांभाळत असे. अमेरिकेतून पणजोबा शोधत येणाऱ्या मंडळींना ती गोड बोलून वाटेला लावायची आणि मग आत येऊन त्यांच्या नकला करायची. “आज एक बाई आलीय,” पॉलीन म्हणाली, “तिला तिचा पणजोबा सरदार निघायला हवाय. निघाला मेंढीचोर. काय करू? सांगू?”

“मग? सांगितलंस?”

“मेंढपाळ म्हणून सांगितलं. मेंढ्या होत्याच ना त्याच्याकडे.” पॉलीनने बिस्किट चहात बुडवलं. “अगं, तुझा चेहरा काय असा? वडील बरे ना?”

फिनोलाने सांगितलं. सगळं नाही, फादर येणार आहेत, डॅडींना कायदा हवाय, आणि कायदा नाही, एवढंच. पॉलीनने बिस्किट खाली ठेवलं, म्हणजे तिने ते मनावर घेतलं होतं.

“नव्वदीच्या माणसाला कलम कोण दाखवायला सांगतंय? होता म्हणून सांग. साल सांग एखादं. झोपेल बिचारा.”

“आणि फादरपुढे खोटं ठरलं तर?”

“फादर क्विलिगनला कायदा कुठला ठाऊक? त्यांना फुटबॉलचे गुण ठाऊक असतात.” मग जरा थांबून म्हणाली, “फिनोला, खरं सांगून काय मिळणार आहे गं त्यांना? तू विचार तरी कसा करतेस याचा?”

फिनोलालाही तसंच वाटत होतं, आणि कुणीतरी आपल्यासाठी ते बोललं म्हणून तिला बरं वाटलं. तरी दुपारभर तिचं मन जागेवर नव्हतं. लोकांच्या आज्या-पणज्यांची मरणं ती इमानाने नोंदवत आली होती. एका अक्षराचा फरक करायचा नाही, हा तिचा बाणा. समोरच्या कागदांतले ते पंच तिला आठवत राहिले. ‘बुडालेला आढळला.’ त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, फक्त पुढे गेले नव्हते. तिला मात्र पुढे जाऊन खोटं बोलावं लागणार होतं, एका मरणाऱ्या माणसाला, तेही त्याच्या आत्म्याचा प्रश्न असताना. लहानपणीचा धर्म अंगातून गेला असं ती समजत होती. तो काही गेलेला नव्हता. खोटं बोललं तर त्यांचा कबुलीजबाब अपुरा राहील, खरं बोललं तर त्यांची शेवटची रात्र आपण हिरावून घेऊ. खरं म्हणजे यातल्या कशापेक्षाही मोठी भीती वेगळीच होती. नाही म्हटल्यावर डॅडी आपल्याकडे बघतील. आणि त्या बघण्यात एक प्रश्न असेल, जो तिने स्वतःला कधी विचारू दिला नव्हता. मॅमी जिवंत होती का?

संध्याकाळच्या आधीच ती बसने वृद्धाश्रमात पोचली. तिथे चहा पाचला मिळतो आणि सहाला सगळे अंथरुणात असतात. डॅडी खुर्चीत होते, गळ्याशी शर्टाचं बटण लावलेलं, केस ओले करून बसवलेले, जणू फादर आत्ताच यायचे होते. इतके हडकले होते की कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली असती. पलंगावर झोपलेल्या शेजाऱ्याचा रेडिओ हळू चालू होता. फिनोला त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. हात पर्सवर ठेवले, मग काढले.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“मग?”

“होता, डॅडी.” बोलताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं, आवाज अजिबात हलला नाही. “कायदा होता. जुना. शेहेचाळीस सालचा. पुढे कधीतरी रद्द झाला, पण तेव्हा होता. तुम्ही बरोबरच केलंत.”

डॅडींच्या ओठांचा एक कोपरा हलला. तिला वाटलं आता रडतील. ते हसत होते.

“तो गुत्त्याचा कायदा, पोरी. प्रेत गुत्त्यात ठेवायचा. तूच सांगितलास मला नाताळात. बदकाची तंगडी हातात होती माझ्या.”

फिनोलाचा चेहरा भाजल्यासारखा तापला. तीस वर्षं कागदांत घालवून तिला दुसरं एक साल सुचू नये! “डॅडी, ते... त्याच सालचा दुसरा...”

“राहू दे गं.” त्यांनी हात जरा वर केला. “नाहीये कायदा. सार्जंटनेच सांगितलं मला, त्याच दिवशी, तिथेच. कुणी सांगितलं रे तुला असलं, म्हणाला. मी म्हटलं, सगळेच सांगतात. त्याने टोपी काढली. चांगला माणूस होता.”

“म्हणजे तुम्हाला...” सगळ्या रविवारांचे बटाटे तिच्या डोळ्यांपुढे आले. “मग मला का विचारलंत?”

“पायांचा विषय एकदम कसा काढणार? कायद्याचा काढला की पायांचा निघेल, म्हटलं.” ते खिडकीकडे बघत होते. “बॅटीने मला सांगितलं, जायच्या आधी. तू बाहेर काढले होतेस. मी म्हटलं, कधीतरी तीच सांगेल. तू काही सांगितलं नाहीस. मी बायकोला बायकोसारखा हात लावला नाही त्या दिवशी, फिनोला. कोटाला धरून ओढली. कान लावला तर नदीचाच आवाज येत होता कानात. नंतर डॉक्टर, मग शवपेटी. घरचा म्हणून तुझ्याशिवाय कुणाचाच हात लागला नाही तिला. मला एवढंच सांग. पायांत ऊब होती का?”

शेजाऱ्याच्या रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. फिनोला म्हणाली, “नव्हती. गार होते, डॅडी. अगदी गार.”

डॅडींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती घाबरत होती तसं ते बघणं नव्हतंच. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीकडे बघावं तसं प्रेमाने त्यांनी पाहिलं, आणि तिच्या गुडघ्यावर थोपटलं. “गुणाची पोर आहेस तू,” ते म्हणाले. “कायद्याचंही छान सांगितलंस.”

पाय गार होते हे खरंच बोलत होती ती. आणि आता ते काडीच्या मोलाचं राहिलं नव्हतं. त्यांच्या भल्यासाठी ती एकदा खोटं बोलली होती, आता त्यांच्या भल्याचं जे जे बोलेल ते खोटंच ठरणार होतं. उद्या फादर येतील, आणि हा माणूस फादरना सांगेल की माझी बायको जिवंत होती आणि मी तिला पाण्यात ठेवली, माझी मुलगी फार दयाळू आहे. तिला वाटलं उठावं, किटली चढवावी, पिशवीत काहीतरी शोधावं. ती उठली नाही. स्टुलाची कड तिने दोन्ही हातांनी धरली.

“मी स्वेटरने पुसले आधी,” ती म्हणाली. “मग बॅटी म्हणाला, परत ठेव. मी नाही ठेवले. त्याने पाठ फिरवली होती. मी फ्रॉक वर केला आणि दोन्ही पाय पोटाशी घेतले, आत, कातडीला लावून. तुम्ही थंडीत माझे घ्यायचात ना तसे. ऊब येईल म्हटलं. डॅडी, इतके गार होते की माझ्या पोटात कळ आली. मी रडले नाही, दात दाबून बसले, पण मी शू केली तिथेच. तरी ऊब येईना. माझीच ऊब जायला लागली.” ती थांबली. पन्नास वर्षं ती इथेच थांबत होती. “आणि काठाला पाणी अगदी उथळ होतं. गोट्यांवर ऊन पडलं होतं सकाळपासून. मी हात घालून बघितला. पाणी कोमट होतं. म्हणून ठेवले मी परत. बॅटी म्हणाला म्हणून नाही. तुम्ही सांगितलं होतं म्हणूनही नाही. माझ्यापेक्षा पाणी ऊबदार होतं म्हणून ठेवले. मॅमीला त्यात बरं वाटेल म्हणून.”

तिने डॅडींकडे बघितलं नाही. गार पायांवरून माणूस जिवंत की मेलेलं हे कुठलाही डॉक्टर ठरवत नसतो, हे तिने त्या कागदांत कितीदा तरी वाचलं होतं. ते ती बोलली नाही. जिथवर हात लागला होता तिथवर तिने सांगितलं. डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळून ओठांत आलं, ते तिने पुसलं नाही.

मग डॅडींचा आवाज आला. तो मुकादमाचा नव्हता.

“कोमट होतं?”

“हो.”

“काठाला असतं,” ते म्हणाले. “जूनमध्ये. गोटे तापतात.”

“हो, डॅडी.”

त्यांचा हात तिच्या गुडघ्यावरच होता. तिने त्यावर आपला ठेवला.

“ठाण्यापर्यंत सायकल मारताना मला दुसरं काही सुचत नव्हतं,” ते म्हणाले. “कायदा नाही, पोलीस नाही. एकच मनात. आणि त्यानंतर रोज. मला वाटायचं, गारठली असेल.”

“नाही, डॅडी.”

“नाही ना?”

“नाही. नाही गारठली.”